खंडेनवमी आणि आठ-शून्य

समजा, तुमच्या ताब्यात एक पेटी आहे. पेटीत तेवीस हजार माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर आणि रक्तगट. पेटी जुनी झाली म्हणून नवी आणायची आहे. पण नव्या पेटीला जुनीतली मांडणी समजत नाही. त्यामुळे आधी सगळी माणसं एका यादीत उतरवून घ्यायची, मग पेटी बदलायची आणि यादीवरून एकेक माणूस परत आत बसवायचा. समोर काळा पडदा. माउस नाही, चित्रं नाहीत. तुम्ही एक ओळ लिहिता आणि एंटर दाबायच्या आधी बोट हवेत थांबतं. ओळ बरोबर आहे ना? परत वाचता. बरोबर असते. तरी बोट खाली येत नाही.

रिझवान शेखचं बोट मात्र कधी थांबायचं नाही. त्र्यंबक रोडवरच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा. रिझवानभाई बसलेला असला तरी त्याचा एक पाय चालतच असतो, असं तिथले लोक म्हणायचे. खुर्चीखाली टाच सारखी टकटक करायची. त्याचे वडील रहेमान मालेगावात यंत्रमागांचे जॉबर होते, बिघडलेला माग कानाने ओळखणारे. माग सुरू करायच्या आधी सगळे धागे हाताने चाचपून बघावेत, एक जरी तुटलेला असला तरी शंभर वार कापड वाया जातं, हे त्यांनी पोराला लहानपणापासून सांगितलं होतं. रिझवानला ते पाठ होतं. हाताला ते वळण लागलं नव्हतं, इतकंच.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाल्यावर तो जेल रोडला निवृत्ती सरांच्या क्लासमध्ये लिनक्स शिकला. तेव्हा नाशकात लिनक्स शिकवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि शिकणारे त्याहून कमी. ९९ साली रक्तपेढीत लागला तो 'ऑपरेटर' म्हणून. प्रिंटरची रिबन बदलण्यापासून पंख्याचा रेग्युलेटर बसवण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे यायचं. २००३मध्ये त्याने आपल्या हाताने लिनक्सचा सर्व्हर उभा केला, त्यावर पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस बसवला आणि दात्यांचं जाडजूड रजिस्टर त्यात उतरवलं. या कामाचा त्याला अभिमान होता. पाहुणे आले की कुणी न विचारता तो त्यांना सर्व्हर दाखवायचा.

२००५च्या ऑक्टोबरात तो डेटाबेस बदलायची वेळ आली. रक्तपेढीने नवा प्रोग्राम घेतला होता, आणि तो पोस्टग्रेसच्या आठ-शून्य आवृत्तीशिवाय चालत नव्हता. सर्व्हरवर होती सात-तीन. दिवाळीच्या शिबिरांआधी काम उरकायला हवं होतं. पण रक्तपेढी कधी बंद नसते, काउंटर कधी रिकामा नसतो. रिझवानने कॅलेंडर बघून दिवस काढला तो खंडेनवमीचा. त्या दिवशी नाशकात यंत्रं थांबतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथ पुसून, तेलपाणी करून, हार घालून ठेवतात. रक्तपेढीतही दर वर्षी पूजा व्हायची आणि दोन तास काउंटर हाताने चालायचा. यंत्रं नाहीतरी विश्रांती घेणारच आहेत, तर तेवढ्यात पेटी बदलून टाकू, असा त्याचा बेत.

बेत वाईट नव्हता. पण दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मंजुळा येणार होती.

मंजुळा नऊ वर्षांची, सुरगाण्याच्या डोंगरातली. तिला जन्मापासून रक्ताचा आजार होता आणि दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं. तिची आई भागीबाई पहाटेची एसटी धरून तिला आणायची. इतक्या वेळा बाहेरचं रक्त घेऊन पोरीचं शरीर आता भांडायला लागलं होतं. गट जुळला तरी रक्त जुळायचं नाही, अंगावर पुरळ यायचं, ताप चढायचा. रक्तपेढीच्या डॉक्टरांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. बाईंनी जूनमध्ये कितीतरी दात्यांना, जुन्यांना आणि नव्यांनाही, नमुन्यापुरतं रक्त द्यायला बोलावलं आणि महिनाभर खपून मंजुळेला चालतील असे मोजके दाते शोधून काढले. त्यांच्या नावापुढे कॉम्प्युटरवर शेरा लिहून ठेवायला सांगितलं. कागद हरवतात, कॉम्प्युटर हरवत नाही, असं बाईंचं मत होतं. त्यामुळे ती नावं दुसरीकडे कुठेही नव्हती.

खंडेनवमीला सकाळी साडेनऊला रिझवानने सुरुवात केली. सर्व्हरच्या डिस्कवर जागा कमी होती, म्हणून यादी उतरवायची ती काउंटरवरच्या पीसीमध्ये, नेटवर्कच्या वायरीतून. दोन्ही यंत्रांवर त्याने कागद चिकटवले: 'काम चालू आहे. पूजेसाठीही बंद करू नये.' मग सगळ्या आज्ञा एकाखाली एक लिहिल्या. यादी उतरव. जुना डेटाबेस थांबव. त्याचा डेटा बाजूला सरकव. जुना प्रोग्राम काढून आठ-शून्य बसव. एंटर दाबलं आणि आकडे पळायला लागले.

तेवढ्यात बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. रिझवान आरतीला मागे उभा राहिला, दर वर्षीसारखा. रमजान चालू होता, त्याला रोजा होता, म्हणून मिळालेला पेढा त्याने कागदात गुंडाळून खिशात टाकला. पाय एका जागी ठरत नव्हता. काउंटरवरच्या आशाताईंनी नजरेनेच त्याला सांगितलं, थांब जरा, यंत्र पळून जात नाही.

पावणेअकराला तो परत आला तेव्हा पडद्यावर शेवटची ओळ होती: आठ-शून्य बसलं. तो खूश झाला. आता यादीवरून माणसं आत बसवायची. ते काम सुरू केलं आणि दुसऱ्या मिनिटाला ते थांबलं. फाइल अचानक संपली होती. त्याने ती उघडून शेवटची ओळ बघितली. नाव होतं, पत्ता अर्धा होता. 'पंचव' एवढं लिहून यादी तुटलेली. मोजली तर चार हजार माणसं. उरलेली एकोणीस हजार नव्हतीच.

पहिली चूक काय ते त्याला लगेच कळलं. आज्ञा एकापुढे एक लिहिताना मध्ये एक खूण घालावी लागते. एक खूण सांगते, पहिलं काम जमलं तरच पुढचं कर. दुसरी सांगते, जमो न जमो, पुढे चालत राहा. घाईत त्याने दुसरी घातली होती. यादी फसली तरी सर्व्हर इमानदारीने पुढे जात राहिला आणि जुना प्रोग्राम काढून मोकळा झाला. पण यादी मुळात फसली का? पीसी चालू होता, सर्व्हर चालू होता, कागदही जागेवर होते.

तो वायरीच्या मागे मागे गेला. हॉलच्या कोपऱ्यात भिंतीवर नेटवर्कची छोटी डबी होती, जिच्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात. डबी लखलखीत पुसलेली, वर कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल, आणि खाली उदबत्तीची राख. दिवे आता लुकलुकत होते. सावळीराम बाजूलाच उभा होता. सावळीराम म्हणजे रक्तपेढीचा जनरेटर, पंप आणि वायरिंग बघणारा जुना माणूस. तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवून आलेला, आणि खंडेनवमीला चालू यंत्राला कुंकू लावणं म्हणजे धावत्या माणसाला औक्षण करण्यासारखं पाप, असं मानणारा.

ही डबी बंद केली होती का, असं रिझवानने विचारलं. सावळीराम म्हणाला, हो, पंधरा मिनिटं.

"तुझ्या दोन्ही मशिनींना मी हात नाय लावला, भाऊ. त्यांच्यावर तुझा कागद होता. हिच्यावर कागद नव्हता."

"सावळीरामबाबा, ही मशीन नाही. हा रस्ता आहे. सगळं हिच्यातूनच जातं."

"मग रस्त्याची पूजा करायची नाय का? गाडी त्याच्यावरूनच चालते ना."

रिझवानने चिडावं तर चूक त्याचीच. डबीवर कागद लावायचं त्यालाच सुचलं नव्हतं.

त्याने बाईंना जाऊन सगळं सांगितलं, काहीही न लपवता. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि उलटा हिशेब मांडला. उद्या दुपारी पिशवी द्यायची तर दाता सकाळी सात-साडेसातला इथे हवा, कारण रक्त घेतल्यावर तपासण्यांना पाच-सहा तास लागतात. म्हणजे त्याला आज संध्याकाळीच फोन गेला पाहिजे. दसऱ्याला कोण कुठे असेल सांगता येत नाही. "सातपर्यंत मला नावं दे, रिझवान," एवढंच त्या म्हणाल्या. मुंबईहून पिशवी मागवता येईल का, असं त्याने विचारलं. मागच्या वर्षी मागवली होती त्याची बाईंनी आठवण दिली. तेव्हा मंजुळा दोन दिवस तापाने फणफणली होती.

एक गोष्ट त्याने शहाणपणाची केली होती: जुना डेटा पुसला नव्हता, बाजूला सरकवला होता. म्हणजे तेवीस हजार माणसं तिथेच होती, कुलूपबंद. आठ-शून्यला त्या फोल्डरकडे वळवलं तर ते स्वच्छ सांगायचं, हा डेटा सात-तीनने बनवलेला आहे, मी तो वाचू शकत नाही. किल्ली होती सात-तीनकडे, आणि सात-तीन त्याने स्वतः काढून टाकलं होतं. मे महिन्यात काढलेली एक बॅकअप सीडी होती. त्यानंतर सीडी रायटर बिघडला तो बिघडलाच. मंजुळेच्या दात्यांवरचे शेरे मात्र त्यानंतरचे.

म्हणजे लिनक्सच्या जुन्या सीड्या हव्या होत्या. त्यांत सात-तीन होतं. त्याने कपाट उघडलं तर सीड्यांचं पाकीट रिकामं. चौकशी करता करता गेणूपर्यंत पोचला. गेणू रक्तपेढीच्या गाडीचा ड्रायव्हर, गावाकडे त्याची द्राक्षाची बाग.

"त्या गोल चकत्या व्हय? मागच्या सीझनला बागेत बांधल्या. पाखरं फिरकत नाय बघा, लय चमकतात."

रिझवान खाली बसला. आशाताई म्हणाल्या, अरे, पाखरांना तरी लिनक्स समजलं. कुणी हसलं नाही, त्याही हसल्या नाहीत.

नेटवरून उतरवून घ्यावं तर रक्तपेढीचा इंटरनेटचा फोन शनिवारपासून मुका होता. तो लुना काढून त्र्यंबक नाक्याच्या सायबर कॅफेत गेला. शटर अर्धं खाली, आत सगळे मॉनिटर हार घालून ओळीने बसलेले, जसे काही लग्नाचे वऱ्हाडी. मालक म्हणाला, उद्या दुपारनंतर या. दुसरा कॅफे तर पूर्णच बंद. दीड वाजला होता. ऊन चढलं होतं, घशाला कोरड पडली होती आणि लुनाच्या हँडलवर त्याची बोटं आपोआप टकटक करत होती. मग त्याला निवृत्ती सर आठवले. सरांनी कुठलीही सीडी कधी फेकली नव्हती.

जेल रोडला पोचला तेव्हा सर जेवून आडवे व्हायच्या बेतात होते. क्लास घराच्या पुढच्या खोलीत. तिथे पाटावर लाल कापड, कापडावर पक्कड, सोल्डरिंग आयर्न, टेस्टर, दोन मदरबोर्ड, लिनक्सची जाडी पुस्तकं आणि सगळ्यांवर सीड्यांची मोठी वही. झेंडू, आपट्याचं एक डहाळं, समई. वहीच्या पारदर्शक कप्प्यातून रिझवानला हवी ती सीडी दिसत होती. हात पुढे गेला. सरांनी तो हवेतच अडवला.

"पूजेतली आहे रे. उद्या सकाळी सातला ये. उत्तरपूजा झाली की हातात देतो."

"उद्या सातला मला सीडी नको, सर. उद्या सातला मला रक्तपेढीत माणूस हवा आहे."

मग त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सर अस्वस्थ झाले. ते हट्टी नव्हते, पण पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याआधी उचलायचं नाही हे त्यांच्या हाडात होतं. वर्षभर ज्याच्याकडून काम घेतो त्याला एक दिवस तरी हात लावू नये, असं ते दर वर्षी क्लासच्या पोरांना सांगायचे. त्यांनी दुसरा मार्ग शोधायला सुरुवात केली. एका विद्यार्थ्याला फोन लावला, तो गावी गेलेला. दुसऱ्याकडे नवी आवृत्ती होती, ती चालणार नव्हती. रिझवान भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दारात येरझाऱ्या घालत होता. बस म्हटलं तरी बसत नव्हता.

आतून मोहिनीवहिनी आल्या, सरांच्या पत्नी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी सरांना विचारलं, "पूजा कुणी मांडली?"

"तू."

"मग उठवायचीही मीच."

"अगं, अर्ध्या पूजेतून एकाला उठवतात का?"

"पंगतीत एखाद्याला एसटी गाठायची असली तर तो आधी उठतोच की. बाकीची पंगत बसून राहते."

त्यांनी चार अक्षता घेतल्या, सीड्यांच्या वहीवर वाहिल्या, हात जोडले आणि वही जराशी उत्तरेला सरकवली. मग त्यातल्या तीन सीड्या काढून रिझवानच्या हातात दिल्या. रिझवान दाराबाहेर पडल्यावर सरांनी मागून ओरडून सांगितलं, जुनं आणि नवं एकाच जागी बसवू नको, वेगळ्या फोल्डरात उघड, वेगळा पोर्ट दे. पूजेचा प्रश्न सुटल्यावर त्यांच्यातला मास्तर जागा झाला होता.

चारच्या सुमारास सर्व्हरमध्ये सीडी घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, परत घरघरला, आणि सीडी वाचता येत नाही म्हणाला. रिझवानने ती बाहेर काढून उजेडात धरली. चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं होती. वहिनींना ती बाजू आरशासारखी दिसली, म्हणजे तेच तिचं तोंड, म्हणून त्यांनी एकेक सीडी काढून तिच्या तोंडाला कुंकू लावलं होतं. कुंकू तेलात कालवलेलं. पुसावं तर पसरायचं. आशाताईंनी आपला चष्म्याचा कपडा दिला. लॅबमधलं स्पिरिट वापरू नको, वरचा थर जाईल, असं कुणीतरी म्हणालं, तर सावळीरामने साबणाचं कोमट पाणी आणलं. इतका वेळ तो लांबूनच बघत होता. रिझवान मध्यापासून कडेकडे, मध्यापासून कडेकडे असा हळूहळू पुसत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुठलंतरी काम सावकाश केलं असेल.

सीडी वाचली गेली. सात-तीन वेगळ्या फोल्डरात उघडलं. पण ते सुरू होईना. आधी म्हणालं, रूटच्या हुकमाने मी उठणार नाही, म्हणजे सर्व्हरच्या मालकाच्या नावाने चालणार नाही, माझा स्वतःचा वापरकर्ता लागेल. ते बदललं. मग म्हणालं, या फोल्डरवर माझी मालकी नाही. डेटा बाजूला सरकवताना मालकीही बदलली होती. तीही परत दिली. मग म्हणालं, माझ्या पोर्टवर, म्हणजे आत यायच्या दारावर, आधीच कुणीतरी बसलंय. ते आठ-शून्य होतं. सरांचं बोलणं आठवून त्याने शेजारचा पोर्ट दिला. प्रत्येक वेळी लॉगमधली, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतली, शेवटची ओळ वाचायची, एक गोष्ट बदलायची, परत एंटर. बाई दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेल्या. सव्वासहाला जुना डेटाबेस उठला. बाहेर मगरिबची अजान कधी होऊन गेली ते रिझवानला कळलंच नाही. आशाताईंनी सांगितलं तेव्हा बाटलीतलं पाणी पिऊन आणि खिशातला चेपलेला पेढा खाऊन त्याने रोजा सोडला, तोही उभ्यानेच.

मंजुळेच्या शेऱ्याने शोध घेतला. पडद्यावर तीन नावं आली. नावापुढे शेवटच्या रक्तदानाची तारीख. एक सप्टेंबरातली, एक ऑगस्टातली. तीन महिने झाल्याशिवाय त्यांचं रक्त घेता येणार नव्हतं. तिसरी जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. हिरामण गांगुर्डे, अंबडच्या कारखान्यातला लेथवाला. आशाताईंनी फोन लावला. तो शेजाऱ्यांचा निघाला, आणि हिरामण वणीच्या गडावर देवीला गेलेला, कधी येईल माहीत नाही. पावणेआठपर्यंत काउंटरवर कुणी घरी गेलं नाही. मग फोन वाजला. हिरामण म्हणाला, आत्ताच उतरलो, उद्या पाळी नाही, किती वाजता येऊ.

दसऱ्याला तो साडेसहालाच दारात उभा होता. दुपारी अडीचला मंजुळेला पिशवी लागली. ताप नाही, पुरळ नाही. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण रिझवानचं काम बाकी होतं. सकाळपासून त्याने यादी परत उतरवली, या वेळी आधी तिची शेवटची ओळ डोळ्यांनी बघितली, आणि माणसं आठ-शून्यमध्ये बसवली. मग मोजली. तेवीस हजार चारशे अठरा. नवमीला सुरुवात करायच्या आधी त्याने वहीत आकडा लिहून ठेवला होता, तो निघाला तेवीस हजार चारशे एकोणीस. जुन्या डेटाबेसात मोजलं, तिथेही अठरा. एक माणूस कमी. वहीत लिहायला चुकलो असेन, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं.

तीन वाजता भागीबाई काउंटरवर आली. पोरीच्या हातात आपट्याची पानं होती, ती तिने सगळ्यांना वाटली. निघताना भागीबाई म्हणाली, "त्या चौघा भावांला माझा रामराम सांगा. पोरगी बरी हाय म्हणा."

रिझवानची टाच थांबली. चौघे कोण, त्याने विचारलं. भागीबाई म्हणाली, आशाताईंनीच सांगितलं होतं, तुझ्या पोरीला नाशकात चार भाऊ आहेत. आशाताईंना नीट आठवेना. बोलले असेन खरी, म्हणाल्या, पण पडद्यावर बघून बोलले की तोंडाला आलं म्हणून, ते कसं सांगू?

रिझवानने पिशव्या दिल्याचं रजिस्टर काढलं. जुलैपासून मंजुळेला चार पिशव्या गेल्या होत्या. पहिल्या आठवड्यात एक, जुलैअखेर एक, ऑगस्टात एक, सप्टेंबरात एक. सगळ्या अकरा आठवड्यांच्या आत. आणि एक माणूस तीन महिन्यांतून एकदाच रक्त देऊ शकतो. म्हणजे माणसं चार हवीत. पडद्यावर तीन होती. जुलैअखेरच्या पिशवीचा नंबर रजिस्टरात होता. त्या नंबराचा माणूस फक्त कॉम्प्युटरला माहीत होता.

त्यानंतर कितीतरी महिने त्याने तो माणूस शोधला. मे महिन्याची सीडी आणि आत्ताची यादी ओळीला ओळ लावून बघितली. मेमधला एकही गहाळ नव्हता. म्हणजे हा जूनमध्ये नवा आलेला. जुलैअखेरचे फॉर्म गोदामात खालच्या रांगेत होते, आणि त्याच आठवड्यातल्या पावसात गोदामात पाणी शिरलं होतं. गठ्ठा सुकवून त्याने एकेक कागद सोडवला. त्या दिवशीचे अकरा फॉर्म. दहा माणसं कॉम्प्युटरवर सापडली. अकराव्या कागदावर नावाच्या जागी निळा डाग. पत्ता गेलेला, सही गेलेली. वाचता आलं ते एवढंच: वय एकतीस, वजन चौसष्ट.

तो माणूस यादीतून गेला कसा, हेही त्याला कळलं नाही. डबी बंद झाली तेव्हा? मालकी बदलली तेव्हा? की त्या सकाळी काउंटरवरून कुणीतरी दुसऱ्याच कारणाने ते नाव काढलं? निवृत्ती सर म्हणाले, डेटाबेस असा एकटाच माणूस गिळत नाही, लॉग बघ. लॉग त्याने पाठ होईपर्यंत बघितला. सावळीरामला कुणी काही म्हणालं नाही, तरी पुढच्या खंडेनवमीपासून डबीला हात लावायच्या आधी तो रिझवानला बोलावून विचारायला लागला. बाईंनी त्या डिसेंबरात आणखी दोन जुळणारे दाते शोधले. मंजुळा आता तेरा वर्षांची आहे, सुरगाण्याच्या आश्रमशाळेत सातवीत. तिचं ठीक चाललंय.

रिझवान आता एंटर दाबायच्या आधी थांबतो. शिकाऊ पोरांना तो ओळ दोनदा वाचायला लावतो. पण शिबिरं असली की त्याची टाच परत टकटक करायला लागते, आणि नव्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात त्याचा अंगठा वयाच्या रकान्यावरून सरकत जातो, पस्तीस, पस्तीस, पस्तीस. सुई काढताना आशाताई प्रत्येकाला म्हणतात तेच त्या जुलैत त्या माणसालाही म्हणाल्या असतील, की पुढच्या वेळी आम्हीच फोन करू. तीन महिने उलटले, सहा उलटले, फोन आला नाही. आपलं रक्त आता कुणाला नको असेल, असं समजून जो कुठेतरी गप्प बसलाय, तो माणूस कोण आहे?